कायदा संकेतस्थळावर आहे. पण आज लागू असलेला कायदा कोठे आहे?

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चे दुसरे पोटकलम वाहनचालकांविषयी आहे. निष्काळजीपणे वाहन चालवून एखाद्याच्या मृत्यूस कारण ठरलेला आणि पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यास खबर न देता पळून गेलेला चालक दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरेल, असे ते सांगते. या तरतुदीविरोधात जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशभरातील मालमोटार चालकांनी चाके थांबवली आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने संहिता १ जुलै २०२४ पासून लागू करण्याची अधिसूचना काढली, तेव्हा हे पोटकलम वगळण्यात आले.

म्हणजे संसदेने मंजूर केलेल्या संहितेत हे पोटकलम आहे, परंतु संहिता अमलात आली त्या दिवशी ते लागू नव्हते. ही गोष्ट संहितेचा मजकूर वाचून कळत नाही. त्यासाठी राजपत्रातील ती वेगळी अधिसूचना शोधून वाचावी लागते. रोज महामार्गावर गाडी चालवणाऱ्या किती चालकांनी ती वाचली असेल?

कायद्याचे अज्ञान ही बचावाची सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व आपल्या न्यायव्यवस्थेने स्वीकारलेले आहे. ते आवश्यकही आहे, कारण तसे नसते तर प्रत्येक आरोपी अज्ञानाचीच ढाल पुढे करील. मात्र या तत्त्वाला दुसरी बाजू आहे. शासनाला नागरिकाकडून कायद्याच्या ज्ञानाची अपेक्षा करावयाची असेल, तर तो कायदा नागरिकाच्या हाती पोहोचेल अशी व्यवस्था करण्याचे उत्तरदायित्वही शासनाचेच ठरते. गेल्या पंचवीस वर्षांत संगणक आणि महाजाल यांच्यामुळे ही व्यवस्था उभी राहणे प्रथमच शक्य झाले. ती कोठवर उभी राहिली, आणि कोठे अपुरी आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

अफूच्या खटल्यापासून सोन्याच्या खटल्यापर्यंत

अप्रसिद्ध कायद्याने कोणाला शिक्षा देता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे स्थापनेनंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच आला. जयपूर संस्थानात महाराजांच्या अल्पवयीन काळात कारभार पाहणाऱ्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९२३ मध्ये एका ठरावाद्वारे अफूविषयक कायदा संमत केला होता. तो ना राजपत्रात छापला गेला, ना अन्य मार्गाने जाहीर झाला. पुढे त्याच कायद्याखाली जवळ अधिक अफू बाळगल्याबद्दल एका इसमास पन्नास रुपये दंड झाला. 'हरला विरुद्ध राजस्थान राज्य' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. बंद दालनात झालेला ठराव लोकांना कळविल्याशिवाय कायदा म्हणून लागू करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, हे त्या निकालाचे सार होते. दंड रद्द झाला.

दुसरे प्रकरण मुंबईचे. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिला येथे निघालेला एक परदेशी प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर थांबलेल्या विमानात सापडला. त्याच्या अंगावरील जाकिटात ३४ किलो सोने होते. असे सोने भारतमार्गे नेण्यावर बंधन घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना त्यापूर्वी अवघ्या चार दिवसांनी, म्हणजे २४ नोव्हेंबर रोजी, राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. झुरिकमधील माणसाला ती कशी कळणार, असा बचाव करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४ मध्ये बहुमताने तो फेटाळला. अधिसूचना भारताच्या राजपत्रात आली, एवढे पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदवले.

या दोन निकालांमधून आपल्या देशाची भूमिका निश्चित झाली. कायदा प्रसिद्ध व्हायलाच हवा. परंतु राजपत्रात छापून आला की तो प्रसिद्ध झाला असे समजायचे. वाचकाला ते राजपत्र मिळाले की नाही, हा प्रश्न त्यापुढे उरत नाही.

कागदी राजपत्राच्या काळात ही एक सोयीची कल्पना होती. राजपत्राचे अंक जिल्हा कार्यालयात किंवा मोठ्या ग्रंथालयात येत, तेही अनेकदा विलंबाने. वकील मंडळी खासगी प्रकाशकांची पुस्तके विकत घेत. सामान्य माणसाला कायदा कळे तो वकिलाच्या तोंडून, तलाठ्याच्या तोंडून किंवा पोलीस ठाण्यातील हवालदाराच्या तोंडून.

सेकंदाला आलेले महत्त्व

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला छापील राजपत्राच्या बरोबरीचे स्थान दिले. २०१५ च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारने भारताच्या राजपत्राची छपाई थांबवून ते केवळ संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. वरवर पाहता हा कागद वाचवणारा प्रशासकीय निर्णय होता. त्याचे कायदेशीर परिणाम किती दूरवर जातात, ते चार वर्षांनी दिसले.

पुलवामा येथे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर दोन दिवसांनी केंद्र सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावरील आयात शुल्क २०० टक्के केले. अधिसूचना १६ फेब्रुवारी रोजी रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी राजपत्राच्या संकेतस्थळावर चढवण्यात आली. त्याच दिवशी, परंतु त्या वेळेपूर्वी, अटारी येथील सीमाशुल्क कार्यालयात खारीक, सिमेंट आदी मालाची आयातपत्रे दाखल झालेली होती. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्या मालावरही वाढीव शुल्क मागितले. तारीख तीच असल्याने दर दिवसभरासाठी लागू होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तो अमान्य केला. राजपत्र इलेक्ट्रॉनिक झाले आहे, त्यामुळे अधिसूचना कोणत्या क्षणी जनतेसमोर आली हे नेमके सांगता येते, आणि तिचा अंमलही त्या क्षणापासूनच सुरू होतो, असा निर्णय झाला. आयातदारांना जुन्या दराचा लाभ मिळाला.

या निकालाने एक गोष्ट स्पष्ट केली. महाजालावरील राजपत्र ही छापील राजपत्राची निव्वळ छायाप्रत नाही. कायदा जन्माला येतो तो आता तेथेच. मग त्या ठिकाणी नागरिकाला काय आणि कशा स्वरूपात मिळते, याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व येते.

विद्यार्थ्याचा अर्ज आणि कायद्यांचे भांडार

केंद्रीय कायदे महाजालावर नीट उपलब्ध व्हावेत यासाठी आग्रह धरला तो एका विधी विद्यार्थ्याने. एकोणिसाव्या शतकातील एका विवाहविषयक अधिनियमाची सरकारी संकेतस्थळावरील प्रत वाचता येण्याजोगी नव्हती. माहितीच्या अधिकाराखाली त्याने दाद मागितली. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ शासकीय कार्यालयांना स्वतःहून माहिती प्रकट करण्यास सांगते. ज्याचे पालन प्रत्येकाने करायचे तो कायदाच या माहितीत नसेल, तर त्या कलमाला अर्थ काय? २०१५ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने विधी विभागाला याबाबत खडसावले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने सर्व केंद्रीय अधिनियम संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात संकेतस्थळावर ठेवण्याचे निर्देश दिले.

त्यानंतरच्या काळात 'इंडिया कोड' या सरकारी भांडाराचे रूप पालटले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तांत्रिक साहाय्याने चालणाऱ्या या संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम एकत्र पाहता येतात, कलमवार शोधता येतात. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२३ मध्ये आपल्या अधिकृत निर्णयसंग्रहाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती सर्वांना विनामूल्य खुली केली. महाराष्ट्र शासनाचे निर्णय अनेक वर्षांपासून संकेतस्थळावर ठेवले जातात आणि प्रत्येक निर्णयाच्या शेवटी त्याचा संगणक सांकेतांक दिलेला असतो. तो क्रमांक हाती असेल, तर मंत्रालयात खेटे न घालता गडचिरोलीतील शिक्षकालाही तो निर्णय मिळू शकतो.

ही प्रगती लहान नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या मजकुरासाठी पुस्तकविक्रेत्याकडे किंवा न्यायालयाच्या ग्रंथालयात जावे लागे, तो आज भ्रमणध्वनीवर दिसतो. तरीही एक मूलभूत उणीव शिल्लक आहे. कायद्याचा मजकूर मिळणे आणि आजच्या तारखेला लागू असलेला कायदा कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मजकूर आणि अंमल यांतील अंतर

कामगार संहितांचे उदाहरण घेता येईल. वेतनविषयक संहिता २०१९ मध्ये आणि उर्वरित तीन संहिता २०२० मध्ये संसदेने संमत केल्या. राष्ट्रपतींची संमती मिळाली, राजपत्रात प्रसिद्धी झाली, संकेतस्थळावर प्रती आल्या. परंतु २९ जुन्या कायद्यांची जागा घेणाऱ्या या संहिता व्यापक प्रमाणात लागू झाल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधल्या पाच वर्षांत एखाद्या कारखान्यातील कामगाराने संहिता वाचून आपला हक्क सांगितला असता, तर तो चुकला असता. जुना कायदा कालबाह्य झाला असे समजून त्याने तो सोडून दिला असता, तरीही तो चुकला असता. अधिनियमात बहुधा एवढेच लिहिलेले असते की, केंद्र शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास तो अमलात येईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळे दिनांक नेमता येतील. ते दिनांक राजपत्राच्या हजारो अधिसूचनांमध्ये विखुरलेले असतात.

दुरुस्त्यांची गोष्टही अशीच. दुरुस्ती अधिनियमात संपूर्ण नवे कलम क्वचितच असते. अमुक कलमातील 'तीन महिने' या मजकुराऐवजी 'सहा महिने' हा मजकूर दाखल करण्यात येईल, अशी वाक्ये असतात. ती जुन्या मजकुरात बसवून वाचल्याशिवाय कायद्याचा अर्थ लागत नाही. हे बसवण्याचे काम पूर्वीपासून खासगी प्रकाशक करीत आले आणि त्याचे मूल्य वाचकाकडून घेत आले. सरकारी भांडारात ते तत्काळ आणि सर्वत्र सारख्या काटेकोरपणे झालेले असेल, याची हमी आजही नागरिकाला मिळत नाही.

अधिनियमांच्या खाली नियम, आदेश, परिपत्रके यांचा मोठा पसारा असतो. दुकानदार, शेतकरी, निवृत्तिवेतनधारक यांच्या जीवनाला प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्या बाबी बहुतांशी याच पसाऱ्यात असतात. अर्जाची मुदत, शुल्काची रक्कम, कोणती कागदपत्रे जोडायची हे अधिनियमात नव्हे, तर नियमांत ठरते. ते नियम आजही अनेकदा त्या त्या खात्याच्या संकेतस्थळावर, वेगवेगळ्या कोपऱ्यांत शोधावे लागतात. परिपत्रक रद्द झाले तरी त्याची प्रत तेथे तशीच राहू शकते, आणि ते रद्द झाल्याची खूण त्यावर असेलच असे नाही.

मेलेले कलम आणि जिवंत गुन्हे

या अंतराची किंमत कोणी मोजली, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-अ वरून दिसते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना समाजमाध्यमावरील मजकुरावरून अटक झाली. त्या घटनेनंतर हे कलम सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाले आणि २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल' खटल्यात न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

त्यानंतरही अनेक राज्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. जुलै २०२१ मध्ये हा प्रकार पुन्हा न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायमूर्तींनी तीव्र आश्चर्य व्यक्त केले. त्या वेळी केंद्राच्या वतीने महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी दिलेले स्पष्टीकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कायद्याच्या पुस्तकात कलम तसेच छापलेले असते, ते रद्द झाल्याचा उल्लेख फक्त तळटीपेत असतो, असे त्यांनी सांगितले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतंत्र आदेश देऊन या कलमाखाली कोणावरही कारवाई करू नये, असे राज्यांना बजावावे लागले.

न्यायालयाने रद्द केलेले कलम संसदेने काढेपर्यंत पुस्तकात राहते, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. परंतु तळटीप न वाचल्यामुळे पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला जात असेल, तर तो दोष केवळ त्या अधिकाऱ्याचा मानता येणार नाही. कायदा मांडण्याच्या पद्धतीतच तो दडलेला आहे. पुस्तकात तळटीप लहान अक्षरांत देणे ही छपाईची अडचण होती. संगणकाच्या पडद्यावर कलमाच्या शीर्षकाशीच 'हे कलम लागू नाही' असे ठळकपणे लिहिण्यास कोणतीही अडचण नाही.

भाषेचा प्रश्न

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार संसदेच्या अधिनियमांचा प्राधिकृत पाठ इंग्रजीत असतो. इतर भारतीय भाषांतील अनुवादांना मान्यता मिळावी म्हणून प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधी) अधिनियम, १९७३ संमत झाला. राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला मराठी अनुवाद हा त्या कायद्याचा मराठीतील प्राधिकृत पाठ ठरतो. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय केंद्रीय अधिनियमांच्या मराठी अनुवादाचे काम दीर्घकाळ करीत आले आहे. महाराष्ट्र विधानमंडळाचे कायदे मराठीत होतात आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध केला जातो.

व्यवस्था चांगली आहे, परंतु अनुवाद एकदा झाला म्हणजे काम संपत नाही. मूळ अधिनियमात दुरुस्ती झाली की मराठी पाठही त्याच वेगाने दुरुस्त व्हावा लागतो. तसे न झाल्यास मराठी वाचकाच्या हाती जुना कायदा राहतो, आणि तोही प्राधिकृत म्हणून. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाची स्थिती आणखी वेगळी आहे. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या कुटुंबाला राज्याचा कायदा त्या राज्याच्या भाषेत किंवा इंग्रजीत वाचावा लागतो. केंद्रीय कायद्याचा अद्ययावत मराठी पाठ महाजालावर असेल, तर किमान त्या बाबतीत त्याला नागपूर-पुण्याच्या वाचकाएवढीच सोय मिळेल.

प्रत काढण्यावरील अट

आणखी एक बाब सहसा चर्चेत येत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार राजपत्रातील मजकूर कोणालाही पुनर्मुद्रित करता येतो, परंतु विधानमंडळाच्या अधिनियमाला तेथे अपवाद केलेला आहे. अधिनियम छापायचा, तर त्यासोबत भाष्य किंवा अन्य मूळ मजकूर असला पाहिजे, अशी अट आहे. जनतेच्या प्रतिनिधींनी जनतेसाठी केलेला आणि जनतेवर बंधनकारक असलेला मजकूर जसाच्या तसा पुन्हा प्रसिद्ध करण्यावर अशी अट असावी, हे आजच्या काळाशी सुसंगत नाही. एखादी संस्था किंवा विद्यापीठ कायद्यांचे अद्ययावत पाठ विनामूल्य देऊ इच्छित असेल, तर तिचा मार्ग निर्वेध असायला हवा.

इतरत्र काय घडले

ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१० मध्ये सुरू केलेल्या कायदेविषयक संकेतस्थळावर अनेक कायद्यांचा मजकूर विशिष्ट तारखेला कसा होता, ते पाहता येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या दुरुस्त्या अद्याप मजकुरात बसवलेल्या नाहीत, त्यांची यादी त्याच पानावर दिलेली असते. म्हणजे संकेतस्थळ आपली अपूर्णता लपवत नाही. ऑस्ट्रेलियाने २००५ पासून आणखी कडक नियम केला. दुय्यम विधिविधान, म्हणजे नियम व तत्सम आदेश, राष्ट्रीय नोंदवहीत महाजालावर नोंदवले गेले नसतील, तर ते अमलात आणता येत नाहीत. प्रसिद्धीत कसूर झाली, तर तिचा भार नागरिकावर न पडता शासनावर पडतो.

आपल्याकडे असे करणे खर्चिक आणि जोखमीचे ठरेल, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. एकत्रित मजकूर तयार करताना चूक झाली आणि त्यावर विसंबून कोणाचे नुकसान झाले, तर जबाबदार कोण, हा प्रश्न रास्त आहे. देशात केंद्राखेरीज २८ राज्ये आहेत, त्या सर्वांची भाषा आणि मसुद्याची पद्धत एकच नाही. परंतु जोखीम आजही आहेच. फरक एवढाच की, ती आज वाहनचालक, कामगार आणि लहान व्यापारी यांच्या खांद्यावर आहे. ज्याच्याकडे कायदेतज्ज्ञांचे मनुष्यबळ आहे त्या शासनाने ती उचलणे अधिक न्याय्य होईल.

सुरुवात मोठ्या खर्चाशिवायही करता येईल. प्रत्येक कलमापुढे ते लागू आहे की नाही, केव्हापासून लागू आहे आणि कोणत्या अधिसूचनेने, एवढी माहिती द्यावी. न्यायालयाने रद्द केलेल्या कलमावर ठळक खूण असावी. नियम मूळ अधिनियमाच्या पानाशी जोडलेले असावेत. मजकूर कोणत्या दिनांकापर्यंत अद्ययावत आहे, हे इंग्रजी आणि मराठी दोन्ही पाठांवर लिहिलेले असावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही. जे राजपत्र आपल्या प्रसिद्धीची वेळ सेकंदापर्यंत नोंदवू शकते, त्याला एखादे कलम लागू आहे की नाही हे सांगणे अवघड नाही.

१९५१ मध्ये न्यायालयापुढे प्रश्न होता तो दडवून ठेवलेल्या कायद्याचा. आज कायदा कोणी दडवत नाही. मात्र लाखो पानांच्या ढिगात लागू असलेले कलम सापडत नसेल, तर ज्याच्यावर खटला भरला जातो त्या माणसाच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक राहत नाही. कायद्याचे अज्ञान ही सबब चालणार नाही, असे नागरिकाला सांगण्याचा शासनाचा अधिकार निर्विवाद आहे. तो अधिकार वापरण्यापूर्वी आज कोणता कायदा लागू आहे, हे त्याच्या भाषेत आणि एकाच ठिकाणी सांगण्याचे काम शासनाला पूर्ण करावे लागेल.